पाणी काढणारा दादा

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी न्हाणीघरात बादलीत कोमट पाणी घेऊन ट्रम्पेट धूत बसलो होतो. तिन्ही पिस्टन काढून फडक्यावर मांडले होते. तेवढ्यात धाकटा दार न वाजवता आत आला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला. तो उकिडवा बसला की त्याला काहीतरी हवं असतं, हे तुला मी सांगायला नको. आधी त्याने माझ्या ओठाची चौकशी केली. मग म्हणाला, की दादा, तू पन्नाशीला आलास, दौऱ्यावर रोज उठून तुझा ओठ सुजतो, मला बघवत नाही. आपल्या बँडच्या सगळ्या गाण्यांतले फुंकवाद्यांचे तुकडे एकदा स्टुडिओत नीट वाजवून ठेवू. एखाद्या दिवशी तुझा दम कमी पडला तर यंत्रातला आवाज टेकू देईल. त्याला माझी काळजी आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की एक पिस्टन उलटा बसवला.

काल-आज तेच काम केलं. आम्ही तिघेही होतो. ट्रॉम्बोनचे मास्तर, जे बाबांच्या वरातीच्या बँडमध्येही होते, आणि सॅक्सोफोनचा जावई. तो कुणाचाच जावई नाही, पण रुसतो तसा, म्हणून त्याला सगळे जावई म्हणतात. आम्ही वाजवण्याआधी मी कोपर जरा वर उचलतो आणि श्वास घेतो, त्या श्वासावर ते दोघे श्वास घेतात. आमची सुरुवात एक कशी होते म्हणून लोक विचारतात, त्याचं गुपित एवढंच. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, की तुमचा श्वासही ऐकू येतोय, कापून टाकू का. धाकटा म्हणाला, राहू दे, जिवंत वाटतं.

देवाचं नाव घेऊन वाजवलं. इतकं चांगलं मी आजवर वाजवलं नव्हतं. हे पत्र नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखव. फोनवर तिला निम्मं ऐकू येत नाही.

तुझा हात पाठीवर राहू दे.

तुझा,
भाऊ

दि. २१ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. धाकट्याच्या उकिडवं बसण्याचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. पुढचा भाग सुरू केला तेव्हा तिचा डोळा लागला होता. रागावू नकोस, पण तुझं पत्र म्हणजे काढा असतो. गुणकारी असतो, पण कुणी दुसरा घोट मागत नाही. धाकटा तीन ओळी खरडतो आणि त्यात काहीतरी आचरटपणा करतो, तेवढ्यावर तिचा दिवस निघतो. तोही हल्ली लिहीत नाही. बाबा गेल्यापासून ती मोकळेपणी हसलेली मी पाहिली नाही. जेवते, झोपते, खिडकीशी बसते. डॉक्टर म्हणतात दुखणं काही नाही. म्हणजे मी काय समजायचं?

धाकट्याचं ऐकत जा. तू वाजवतोस सुंदर, पण बँडचं नाव त्याच्या नाचण्यावर झालंय, हे तुलाही मान्य असेल. तुझा चेहरा मंचावर असा असतो, की जणू कुणाला पोचवायला आला आहेस. कधी हसत जा रे.

माया आहेच, ती तुला मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला वाचून दाखवण्यासारखं आधी लिहितो. आपला बँड आता मोठ्या मैदानांवर जातो. ते बसस्टँडवरच्या मुलीचं गाणं लोक आमच्या आधी सुरू करतात. रेडिओवर दिवसातून कितीदा लागतं ते मोजणं मी सोडून दिलंय. धाकट्याने केस वाढवलेत, त्याला शोभतात. तो नीट जेवतो. माझीही प्रकृती ठीक आहे. सकाळी देवापुढे उभा राहतो, मग एक लांब सूर धरतो, मग चहा.

इथून पुढचं आईला वाचू नकोस.

मास्तरांना आणि जावयाला धाकट्याने फोनवर सांगितलं, की तुमचा आवाज आमच्याकडे आहे, आता तुम्ही यायची तसदी घेऊ नका. माझा आवाजही यंत्रात आहे, पण मला ठेवलं, कारण मी घरचा. आणि लोकांना मंचावर काहीतरी पितळी चमकताना दिसायला हवं. खेळाआधी कीबोर्डवाला माझ्या ट्रम्पेटच्या भोंग्यात हातरुमालाचा बोळा कोंबतो, म्हणजे चुकून सूर निघायला नको. मी कोपर उचलतो, गाल फुगवतो, आणि माझंच वाजवणं माझ्या मागच्या पेटीतून येतं. पहिल्या दिवशी वाटलं, की हे मेल्यानंतर स्वतःचं नाव ऐकल्यासारखं आहे. मग सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

मागच्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. त्या बसस्टँडच्या गाण्यात तिसऱ्या ओळीनंतर आम्हाला विसावा असायचा. तेवढ्यात मी वाकून खालची छोटी झडप दाबतो आणि श्वासाच्या वाफेचं नळीत साठलेलं पाणी जमिनीवर काढतो. इतकी वर्षं त्याच जागी काढत आलो. धाकट्याने यंत्रात तो विसावा भरून काढला होता, आणि मला सांगायचं राहून गेलं होतं. मी वाकलो, आणि वरून माझा श्वास ऐकू आला, आणि माझा ट्रम्पेट खणखणीत वाजायला लागला. मी तसाच खाली मान घालून झडप दाबत उभा. बोळ्यामुळे वारा नसल्याने पाणीही नव्हतं.

आधी पुढची रांग हसली, मग सगळं मैदान. धाकट्याने क्षणात ओळखलं. गाणं थांबवून तो माइकमध्ये म्हणाला, "दादा, तुम्ही सावकाश पाणी काढा, वाजवायचं ट्रम्पेट बघून घेईल." त्याला असं सुचतं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि ते आता सगळीकडे फिरतंय.

तेव्हापासून रोज करायचं ठरलंय. आधी नुसतं वाकायचो. मग खाली बादली आली. गेल्या आठवड्यात बादलीशेजारी एकाला छत्री घेऊन उभं केलं. भिंतीवरच्या जाहिरातीत आता माझा फोटो धाकट्याच्या बरोबरीने असतो. खाली लिहिलेलं असतं, पाणी काढणारा दादा.

माझं काही चुकतंय का ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

भाऊ

दि. १४ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मुलीने मला तो तुकडा मोबाइलवर दाखवला. खोटं कशाला सांगू, मला हसू आवरलं नाही. तुझं तुलाच कळत नाही, तू इतका गंभीरपणे वाकतोस, की बघणाऱ्याची मुरकुंडी वळते. आईला दाखवला, पण तिच्या डोळ्यांना एवढासा पडदा दिसत नाही. कोण आहे, म्हणाली, आणि परत खिडकीकडे वळली.

तू विचारलंस म्हणून सांगते. चुकत काहीच नाही. कुणाचं नुकसान होतंय का? चार लोक तुझ्यामुळे हसतात, हे पुण्याचंच काम समज. तुझ्या देवालाही विचार हवं तर. मास्तरांचं वाईट वाटलं, पण त्यांचंही वय झालंच होतं.

फार मनाला लावून घेऊ नकोस. आशीर्वाद.

ताई

दि. १० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा इतकं मोठं पत्र लिहितोय. हात दुखला तर तुझ्या नावावर.

मास्तर पहिल्या रांगेत बसून हसले, म्हणून तू खेळ अर्धा टाकून, कोट खुंटीला लावून घरी निघून गेलास. अरे, माणसाने तिकीट काढलं होतं. हसायला नको? तू बघितलंस का, मी नाही बघितलं, पण छत्रीवाला म्हणतो, की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणजे काम चांगलं झालं. तुला त्यात काय टोचलं, तूच जाणे.

तू येत नाहीस हे मी धरून चाललोय. खेळ अडत नाही. नाटकातला एक विनोदी नट मिळालाय. तुझा कोट त्याला खांद्यात सैल होत होता, आत कापूस भरून घेतला. टक्कल चिकटवलं. तुझ्यासारखं खाली बघत चालायला त्याला दोन तालमी लागल्या. तो ट्रम्पेट डाव्या हाताने दाबतो, पण ते कुणाला कळतंय? परवा तर मीच मागून त्याला दादा म्हणून हाक मारली. राग मानू नकोस, पण तुझ्यापेक्षा तो जास्त दादा वाटतो. तू वाकायचास तेव्हा लोकांना तुझी जरा कीव यायची, त्याने हसण्याला खीळ बसते. त्याच्यात ती भानगड नाही.

अजून एक. पुढच्या महिन्यात ताईच्या गावात खेळ आहे. आई आणि ताईसाठी अगदी पुढच्या खुर्च्या ठेवल्यात. तू यायचं म्हणालास तर तुझा कोट कापूस काढून परत देतो. नाहीतर तो आहेच. पण त्यांना आधी काही कळवू नकोस. बिचाऱ्या दोघी चार घटका मजेत घालवतील, तुझ्या मानापायी त्यात माती कालवू नकोस.

राग उतरला की थोडा लोभ माझ्याकडेही वळव.

तुझा,
धाकटा

दि. १८ जुलै

चि. भाऊस,
अनेक अनेक आशीर्वाद.

कुठून सुरुवात करू? काल तुमचा खेळ बघितला. आईला खुर्चीसकट उचलून पुढे नेऊन बसवलं. केवढे ते दिवे, केवढा तो आवाज. मला वाटलं होतं ती घाबरेल, पण तिचे पाय ठेका धरायला लागले. आणि मग तू आलास. तू बादलीत डोकावलास, बादलीला नमस्कार केलास, मग छत्रीवाल्याच्याच खिशात पाणी काढलंस. मंचाला एवढा मोठा पडदा होता, की आईला तुझं नाकसुद्धा दिसलं. ती हसली, भाऊ. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, खोकला येईपर्यंत हसली. तू आमच्याकडे बघून डोळा मिचकावलास, तेव्हा तिने शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, हा माझा मोठा.

रात्री घरी आल्यावर म्हणाली, की याची मला फार काळजी होती. बाबांसारखा आतल्या आत कुढणारा निघाला असं वाटायचं. आता मी डोळे मिटायला मोकळी. आज सकाळी आपणहून भाजी निवडायला बसली.

फक्त एक तक्रार. इतक्या जवळ येऊन घरी का आला नाहीस? धाकटा म्हणाला, की दादाला लगेच पुढे निघायचं होतं. मी फोन केला तर तू उचलला नाहीस. खांदे भरलेत तुझे, प्रकृती सुधारलेली दिसली. असाच हसत राहा.

तुझी,
ताई

दि. २५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पूर्ण आईला वाचून दाखव. यात वगळण्यासारखं काही नाही.

आई, तो मी नव्हतो. मी जूनपासून घरी आहे. तो नाटकातला एक नट आहे, माझा कोट घालून माझ्या जागी उभा राहतो. धाकट्याने मला आधी कळवलं होतं. तुम्हाला लिहायला मी बसलोही होतो, पण पुन्हा वाटलं, कशाला लिहायचं, आई ओळखेलच. कोट कुणीही घालेल, खाली बघून कुणीही चालेल. पण जिने मला चालायला शिकवलं ती पहिल्या पावलाला म्हणेल, की हा कोण? मी त्या दिवशी संध्याकाळी इथे बसून वाट बघत होतो. तुमचा फोन येईल, आणि तू रागावून विचारशील, की माझा मुलगा कुठे आहे. ताईचा फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही, कारण तू हसतेयस असं मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

तुझा दोष नाही, डोळे अधू झालेत, दिवे फार होते. पण तू हा माझा मोठा म्हणालीस ते त्याला म्हणालीस, हे तुला ठाऊक असावं असं मला वाटतं. तुझा आशीर्वाद खोट्यावर उभा आहे, हे मला देवापुढे सांगवणार नाही. मी हसत नाही, आई. मी जसा होतो तसाच आहे. तसा चालत असेन तर आठवड्याभरात तुझ्याकडे राहायला येतो.

तुझा,
मोठा

दि. ४ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. दिव्यांत तुझा कोट आणि ते टक्कल बघून मीही फसले होते. मलाही धक्का बसला, धाकट्याला फोन करून चार शब्द सुनावले. तो म्हणाला, दादाने शेवटी माती कालवलीच.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की म्हणजे तो वेगळाच माणूस आहे का. मी हो म्हटलं. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी थोडं खाल्लं. भाजी निवडायला पुन्हा बसली नाही.

परवा मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिने विचारलं, की तो माणूस इकडे येईल का. मला नीट कळलं नाही, मी म्हटलं, भाऊ येतोय ना पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "भाऊ नको. तो बादलीवाला. एकदा घरी येऊन बसला तर बरं वाटेल." मग म्हणाली, हे भाऊला कळवू नकोस.

पण मी तुझ्यापासून आजवर काही लपवलं नाही, म्हणून लिहिते. म्हातारं माणूस आहे, तिच्या बोलण्याचं काय धरायचं? तरी डॉक्टर म्हणतात, जे मागेल ते द्या. तू कधी येतोस ते कळव, म्हणजे तिची तशी समजूत घालते.

तुझी,
ताई

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी देवापुढे ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर काही मागावंसं वाटलं नाही. पायात चप्पल घालून तालमीच्या खोलीकडे गेलो.

टायरच्या गोदामावरची ती खोली तू पाहिली आहेस. मी दारात दिसलो तसा तो नट ताडकन उभा राहिला आणि डोक्यावर चिकटवलेलं टक्कल ओरबाडून काढलं. माझ्यापेक्षा लहान आहे, घरी दोन मुली आहेत. मंचावर इतका आगाऊ, पण माझ्यासमोर त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी आईचं सांगितलं. तो म्हणाला, की दादा, तुमची चाल उचलली ते पोटासाठी, पण तुमच्या आईसमोर जाऊन बसायचं पाप मला सांगू नका. मी म्हटलं, यात फसवणूक नाही. तिला माहीत आहे तू कोण ते. माहीत असूनच तिने तुला बोलावलंय. तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्या सगळ्या लोकांत मला दादा म्हणताना न हसणारा तोच एक निघाला.

धाकटा गिटारच्या तारा लावत सगळं ऐकत होता. म्हणाला, त्याला न्यायला हरकत नाही, पण आठवडाभर खेळ आहेत, तिथे कोण उभं राहणार? असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. तो पाहणार हे मी जिना चढतानाच धरून आलो होतो. मी हो म्हटलं.

लगेच तालीम घेतली. मी वाकलो. धाकटा म्हणाला, की दादा, असं नाही, तो गुडघ्यातून वाकतो, तू कंबरेतून वाकतोस, त्यात मजा नाही. बिचारा नट संकोचाने मरायला टेकला होता, पण मी कसा वाकतो ते त्याने मला करून दाखवलं. मी शिकलो. बादलीला नमस्कारही शिकलो. डोळा मिचकावणं काही जमेना, ते धाकट्याने काढून टाकलं.

काल दुपारी त्याला तुमच्या गावच्या गाडीत बसवून आलो. खिडकीशी जागा मिळवून दिली. त्याला सांगितलं, आईला उजव्या कानाने बरं ऐकू येतं, तिच्या उजवीकडे बस. ती बाबांचा विषय काढेल तेव्हा मध्ये विनोद करू नकोस, तेवढं होऊ दे, मग कर. ती हसायला लागली, की खोकला येतो, तेव्हा पाणी जवळ ठेव. तो सगळं मान हलवून ऐकत होता. गाडी सुटताना त्याने हात जोडले.

संध्याकाळी खेळ झाला. कोटात अजून कापूस तसाच होता. माझ्याच कोटात मी दाटून गेलो. लोक हसले, पण नेहमीइतके नाही. धाकट्याने माइकवर सांभाळून घेतलं, म्हणाला, आज दादा जरा दमलेत. खेळानंतर म्हणाला, दोन दिवसांत सुधारशील.

तो आता तुमच्याकडे पोचला असेल. प्रवासातून आलाय, त्याला हातपाय धुवायला कोमट पाणी दे. मी येत नाही, याचं आईला वाईट वाटू देऊ नकोस. विचारलं तरच सांग. आणि आईला हवा असेल तितके दिवस त्याला ठेवून घ्या. परतायची घाई नाही म्हणावं. त्याची जागा मी सांभाळतो आहे.

तुमच्या सगळ्यांच्या मायेत असू द्यावं.

भाऊ